तेरा मिलिमीटर

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, 'नायगारा पाहिला का?' आणि दुसरा, 'खाण्यापिण्याचे हाल तर नाही ना झाले?' माझे दुर्दैव असे, की पहिल्याचे उत्तर 'नाही' आणि दुसऱ्याचेही 'नाही'. म्हणजे सांगण्यासारखे काहीच उरत नाही. मग समोरचे गृहस्थ कीव येऊन विचारतात, 'मग पाहिलंत तरी काय?' खरे उत्तर द्यायचे तर, एका गाडीचे धडधाकट टायर काढून तिला त्याहून मोठे टायर बसवताना मी पाहिले आणि मग त्याच गाडीत बसून युटा राज्यातल्या तांबड्या दगडांच्या मुलुखात फिरून आलो. पण आमच्या स्टाफरूममध्ये असे उत्तर दिले, तर मराठीच्या प्राध्यापकाचे डोके विमानाने फिरले असेच सगळे म्हणतील. म्हणून ते इथे लिहितो. दिवाळीच्या फराळाबरोबर माणसे जरा उदार मनाने वाचतात.

मी साताऱ्यास एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझा धाकटा भाऊ डेन्व्हरला इंजिनिअर आहे. घरात आम्ही त्याला 'बाळ' म्हणतो. या बाळाच्या कानांवरचे केस आता पिकले आहेत आणि त्याचा मुलगा अकरा वर्षांचा आहे. पण हाक एकदा पडली की पडली. २०२४ च्या मे महिन्यात मी त्याच्याकडे तीन आठवडे राहिलो.

जाण्याआधी मी बराच कांकूं करत होतो आणि त्याला कारण होते. आमचे वडील, अण्णा, एस. टी.त ड्रायव्हर होते. कुंभार्ली घाट त्यांनी इतक्या वेळा चढून-उतरून काढला, की झोपेतही त्यांचा डावा हात गिअर टाकल्यासारखा हले, असे आई सांगे. २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत अण्णा गेले. बाळ येऊ शकला नाही. त्याने अग्नी मोबाइलच्या काचेत पाहिला. त्या रात्री मी त्याला फोनवर म्हणालो, 'यायचं असतं तर आला असतास.' तो काहीच बोलला नाही. त्यानंतर तीन वर्षे आम्ही दर रविवारी नेमाने बोलत होतो. पण बोलत होतो ते हवापाणी, आईचे गुडघे आणि मुलांच्या परीक्षा यांवर. शेवटी आईच म्हणाली, 'जाऊन ये एकदा. मी काय पळून जात नाही.'

मी पोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी घरासमोर पाच काळेकभिन्न टायर रचून ठेवलेले दिसले. भावजय चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाली, 'भाऊजी, तुम्हीच विचारा यांना. होती ती चाकं गोल नव्हती का?'

गाडी टोयोटा टॅकोमा. पुढे मोटारीसारखी बसायची जागा आणि मागे उघडा हौदा. आपल्याकडे भाजी आणि केळी वाहणारी जी पिकअप असते, तिचीच ही धष्टपुष्ट बहीण म्हणा. फरक इतकाच, की आपल्याकडे तिच्या हौद्यात माल भरतात आणि तिकडे बहुधा तंबू, सायकली आणि हौस. टायरांची किंमत ऐकून मी मनात डॉलरांना रुपयांनी गुणले. उत्तर माझ्या महिन्याच्या पगाराच्या आसपास आले, तेव्हा मी गुणाकार करणे सोडून दिले.

'ह्याचा उपयोग काय?' मी विचारले.

'खडकाळ वाटेवर गाडीचं पोट घासत नाही, दादा. आणि बाजू जाड असतात. दगडाने फाटत नाहीत.'

'आणि तू खडकाळ वाटेवर किती वेळा जातोस?'

'तू आलास म्हणजे जाणार आहे,' तो म्हणाला. यावर काय बोलणार?

टायरच्या अंगावर एक अक्षरमाला उठवलेली असते, ती मी तोवर कधी वाचली नव्हती. जुन्या टायरवर होते '२६५/७० आर १६'. पाहताच मी ओळखले, की हा सामासिक शब्द आहे आणि याचा विग्रह केल्याशिवाय अर्थ लागणार नाही. विग्रह असा: २६५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे शेकडा सत्तर. टायरची बाजू त्या रुंदीच्या सत्तर टक्के उंच. 'आर' म्हणजे रेडियल. आतले दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवे घातलेले. आणि १६ म्हणजे आतल्या लोखंडी डिस्कचा व्यास, तो मात्र इंचांत. एकाच शब्दात मिलिमीटर, टक्के आणि इंच नांदतात. आपल्या व्याकरणकारांनी असा समास पाहिला असता, तर त्याला निराळे नाव द्यावे लागले असते.

नव्या टायरवर होते '२६५/७५ आर १६'. रुंदी तीच, डिस्क तीच. फक्त सत्तरचे पंचाहत्तर झाले. मी कागद घेऊन बसलो. जुन्या चाकाचा व्यास सुमारे ७७७ मिलिमीटर, नव्याचा ८०४. वाढ सत्तावीस मिलिमीटरच्या आत. पण आस असते चाकाच्या मध्यावर. तेव्हा निम्मी वाढ वर मडगार्डच्या बाजूला जाते आणि गाडी जमिनीपासून उचलली जाते ती उरलेल्या निम्म्याने. म्हणजे तेरा मिलिमीटर. माझ्या करंगळीची रुंदी!

'बाळ,' मी म्हणालो, 'एवढ्या पैशांत तू गाडी करंगळीभर उंच केलीस.'

तो हसला. त्याचा मूळ बेत याहून मोठा होता. त्याला २८५/७५ चे, तेहतीस इंच उंचीचे टायर हवे होते. पण जिथे त्याने चौकशी केली, तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने गाडीचे स्टिअरिंग पूर्ण वळवून दाखवले आणि चाक व मडगार्ड यांच्यामध्ये आपला पंजा घातला. पंजा कसाबसा मावला. मिस्त्रीने सांगितले ते असे: पुढचे चाक नुसते फिरत नाही. ते वळते, आणि खड्ड्यातून जाताना वर उचलले जाते. या तिन्ही हालचालींना जागा हवी. तेहतीस इंची चाक घालायचे तर आधी स्प्रिंगा बदलून गाडी उचलावी लागेल, आणि केबिन ज्या ठिकाणी चेसिसवर टेकते तिथले लोखंड कापावे लागेल. ती तयारी नसेल आणि गाडी कारखान्यातून आली तशीच ठेवायची असेल, तर एक पायरी खाली ये. आमचा बाळ एक पायरी खाली आला होता. लहानपणी तो कुणाचे ऐकत नसे. म्हणून ही गोष्ट मला तेरा मिलिमीटरांपेक्षा मोठी वाटली.

त्या करंगळीची किंमत मात्र नुसती पैशांत चुकती होत नाही. पुतण्याने स्वयंपाकघरातून वजनकाटा आणला. वर टायर धरून माणूस उभा करायचा आणि माणसाचे वजन वजा करायचे, ही त्याची युक्ती. जुना टायर १७ किलो भरला, नवा २४. चाकावरचे वजन हे हौद्यात ठेवलेल्या पोत्यासारखे नुसते पडून राहत नाही. ते प्रत्येक वेळी फिरवावे लागते आणि प्रत्येक वेळी थांबवावे लागते. म्हणून इंजिनला ओढ जास्त आणि ब्रेकला काम जास्त. शिवाय चाक मोठे झाले, की एका फेऱ्यात गाडी ८३ मिलिमीटर जास्त पुढे जाते. पण बिचाऱ्या स्पीडोमीटरला हे कुणी सांगितलेले नसते. तो जुन्याच चाकाच्या हिशेबाने फेरे मोजतो. काटा ताशी साठ मैल दाखवतो तेव्हा गाडी बासष्टने धावत असते. पेट्रोल तर जास्त जातेच. पण मैलही कमी मोजले जातात, त्यामुळे खर्च आहे त्याहूनही जास्त दिसतो. पाचवा टायर स्टेपनीसाठी. चारही चाके इंजिनने फिरणाऱ्या गाडीत एक चाक लहान आणि तीन मोठी असून भागत नाही. आतल्या दातेरी चाकांची ओढाताण होते. घरात एकाची राहणी बदलली, की बाकीच्यांनाही सांभाळून घ्यावे लागते, त्यातलाच प्रकार.

टायर चढवून गाडी मागे घेतली आणि स्टिअरिंग वळवताच 'खर्र' असा आवाज आला. चाक मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासत होते. बाळने गरम हवा फेकणारे एक यंत्र आणले, ते प्लास्टिक मऊ केले आणि हाताने मागे दाबून धरले. त्याला पाहताना मला आजोळचा लोहार आठवला. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवायची, तर तो ती गोवऱ्यांच्या जाळात लाल करी. तापल्याने ती पसरे, चिमट्यांनी धरून चाकावर बसवली जाई आणि वर पाणी ओतले, की वाफेचा लोट उठून ती लाकडाला करकचून आवळून घेई. तिथे चाक बांधण्यासाठी विस्तव लागे. इथे चाकाला जागा करून देण्यासाठी लागत होता.

काम संपले. बाळने जॅक उतरवला, हातातली टॉमी घेतली आणि पुढच्या टायरवर एक ठोका घालून कान पुढे केला. मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, चौथ्यावर. त्या गाडीत हवा कमी झाली तर सांगणारा दिवा आहे; हवा मोजायचे घड्याळ त्याच्या खिशात होते. तरी त्याने चारही ठोके घातले. अण्णा रोज पहाटे गाडी काढण्याआधी असेच टायरांभोवती फिरत. भरलेला टायर टणटणीत बोले, बसलेला 'भद्द' म्हणे. मी पायरीवर बसून पाहत होतो. आपण काय केले, हे त्याला बहुधा कळलेही नसावे. मीही काही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. आम्ही दोघे आणि मागे पुतण्या. डेन्व्हरहून मोआब सुमारे साडेतीनशे मैल. शहर संपताच रॉकी पर्वताचा चढ लागतो. मूळ चाकांवर गाडी हा चढ गाणे म्हणत चढे, असे पुतण्याचे म्हणणे. आता तिचा गिअर पुनःपुन्हा खाली पडत होता आणि ती दमेकऱ्यासारखी धापा टाकत होती. माथ्याशी आयझेनहॉवर बोगदा आहे. १९७३ मध्ये खुला झालेला हा बोगदा अकरा हजार फुटांच्या वर आहे. आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच! याच डोंगररांगेवर पाण्याची वाटणी होते. अलीकडे पडलेला थेंब अटलांटिकच्या बाजूला जातो, पलीकडचा कोलोरॅडो नदीला मिळतो. साताऱ्याच्या माणसाला याचे नवल कमी. आमच्या महाबळेश्वरला कृष्णा पूर्वेला निघते आणि सावित्री पश्चिमेला. एकाच घरातली भावंडे दोन समुद्रांना. हा विचार मनात आला आणि मी तो मनातच ठेवला.

मग ग्लेनवुडची अरुंद घळ. तिथे नदी, आगगाडी आणि रस्ता एकमेकांना अंग चोरून वाट देतात. पुढे ग्रँड जंक्शन. कोलोरॅडोच्या या भागाला १९२१ पर्यंत 'ग्रँड' नदी म्हणत, आणि ती इथे गनिसन नदीला मिळते, म्हणून गावाचे नाव संगम. आपल्याकडे इथे एक महादेवाचे देऊळ आणि घाट नक्की असता. युटात शिरल्यावर आम्ही मोठा रस्ता सोडून नदीकाठच्या वाटेला लागलो, आणि डोंगरांचा रंग बदलला. वीट, गेरू, काव, कुंकू. तांबड्या रंगाच्या मराठीत जेवढ्या छटा आहेत, तेवढ्या मी मनात म्हणून पाहिल्या. तरी काही कडे उरलेच.

मोआब हे गाव टायरांचे माहेरघर आहे म्हटले तरी चालेल. प्रत्येक पेट्रोल पंपावर मोठमोठ्या चाकांच्या जीपा उभ्या. १९६७ पासून इथे ईस्टरच्या सुमारास जीपांची जत्रा भरते. पण या डोंगरांतल्या वाटा हौसेने पडलेल्या नाहीत. १९५२ मध्ये चार्ली स्टीन नावाच्या एका कफल्लक भूशास्त्रज्ञाला गावाच्या आग्नेयेस युरेनियमचा मोठा साठा सापडला, आणि साऱ्या मुलुखात अणुबाँबच्या त्या मालासाठी धावाधाव सुरू झाली. अणुऊर्जा आयोगाने खाणवाल्यांसाठी कड्याकपाऱ्यांतून रस्ते काढले. युरेनियमची लाट ओसरली, रस्ते राहिले. १९६४ मध्ये त्यातल्या बऱ्याच भागाचे कॅनियनलँड्स हे राष्ट्रीय उद्यान झाले.

या वाटांवर सगळेच खूश होते असे नाही. एडवर्ड अ‍ॅबी नावाचा लेखक १९५६ आणि १९५७ साली शेजारच्या आर्चेसमध्ये हंगामी रखवालदार होता. १९६८ च्या आपल्या 'डेझर्ट सॉलिटेअर' या पुस्तकात त्याने म्हटले, की उद्यानांत मोटारी येऊच देऊ नयेत. माणसांनी पायी यावे. मोटारीच्या काचेतून हे सारे पाहताना मला त्याचे थोडे पटले. वाटेच्या कडेला जमिनीवर एक काळी, खरखरीत साय दिसते. ती मेलेली माती नव्हे. सूक्ष्म जिवाणू, शेवाळ आणि दगडफूल यांनी विणलेली जिवंत कातडी आहे. तीच वाळूला धरून ठेवते. तिच्यावरून एकदा चाक गेले, तर भरून यायला कित्येक दशके लागतात. म्हणून आखलेली वाट सोडायची नाही, हा इथला पहिला नियम. मोठी चाके म्हणजे वाटेल तिथे जाण्याचा परवाना नव्हे, हे बाळने पुतण्याला दोनदा बजावले आणि मला एकदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शेफर ट्रेलने उतरलो. पठाराच्या कड्यावरून सुमारे दीड हजार फूट खाली नेणारी ही कच्ची वाट. आधी गुराख्यांनी जनावरांसाठी वापरलेली, मग १९५० च्या दशकात युरेनियमच्या ट्रकांसाठी रुंद केलेली. कठडा नाही. एका बाजूला तांबडा कडा आणि दुसऱ्या बाजूला आकाश. मी डोळे मिटण्याच्या बेतात होतो, तोच समोरून चढणारी जीप दिसली. बाळने गाडी कड्याला लावून थांबवली आणि तिला आधी जाऊ दिले.

'घाटात चढणाऱ्याला आधी वाट,' तो म्हणाला.

'आणि ज्या गिअरने चढायचं...' मी म्हणालो.

'...त्याच गिअरने उतरायचं,' त्याने पुरे केले.

अण्णांचे नाव कुणीच घेतले नाही. पण त्या वळणांवर गाडीत आम्ही चौघे होतो.

खाली उतरून पोटॅशच्या खाणीकडे जाणाऱ्या वाटेला लागलो. या वाटेवर दगडांच्या पायऱ्या आहेत. त्यांवरून जाताना मी श्वास रोखून पोटाखालच्या आवाजाकडे कान लावले होते. दोनदा वाटले, आता घासणार. पण घासले नाही. तिसऱ्यांदा घासले. 'बघ दादा, जुन्या चाकांवर तीनदा घासलं असतं!' तो विजयी मुद्रेने म्हणाला. करंगळीचा हिशेब असा वसूल होत होता.

पुढे एक कोरडा ओढा आडवा आला. आधीच्या आठवड्यात पाऊस होऊन त्यात नवी, भुसभुशीत वाळू आली होती. अशा वाळूत शिरण्याआधी टायरांची हवा कमी करायची असते. चाक फुगलेले असले, की टोचून खाली जाते. हवा काढली, की बसके होऊन त्याचा तळवा लांबतो आणि गाडीचे ओझे जास्त वाळूवर पसरते. उंट वाळवंटात चालतो तो याच हिशेबाने. हे बाळला ठाऊक होते. आदल्या रात्री त्यानेच मला समजावले होते. पण ओढा जेमतेम चाळीस पावलांचा. 'नवे टायर आहेत, जाईल,' म्हणून त्याने गाडी तशीच घातली.

मधोमध गाडी बसली. त्याने पाय दाबला. इंजिन ओरडले, वाळूचे फवारे उडाले आणि गाडी आणखी खाली गेली. मोठ्या चाकाचा एक गुण मला त्या दिवशी कळला: ते खड्डाही मोठा खणते. त्याने पुन्हा पाय दाबला. कपाळावर शीर उभी राहिली होती. लहानपणी पतंग तुटला, की अशीच राही.

मला एकदम १९८८ ची जत्रा आठवली. मी आठ वर्षांचा, अण्णांच्या जादा गाडीत बॉनेटजवळ बसलेला. बाळ आईच्या मांडीवर. नदीच्या पात्रात गाडी रुतली. अण्णांनी पहिल्याच झटक्याला इंजिन बंद केले, सगळ्या उतारूंना उतरवले आणि स्वतःही खाली उतरून चाकाजवळ बसले. मग बाभळीच्या फांद्या आल्या, गोणपाट आले, पन्नास माणसांचे हात लागले आणि गाडी निघाली. रात्री जेवताना ते म्हणाले होते, 'गाडी अडली की आधी आपण उतरावं. आत बसून पाय दाबला, की चाक खालीच जातं.'

'बाळ,' मी म्हणालो, 'गाडी अडली की...'

त्याने माझ्याकडे पाहिले. इंजिन बंद केले आणि खाली उतरला. मीही उतरलो.

एका बाजूच्या पुढच्या चाकाशी तो बसला, मागच्या चाकाशी मी. काडीने वाल्व दाबून धरायचा आणि मधूनमधून घड्याळ लावून पाहायचे. तीस पौंडांवरून अठरावर यायचे. हवा 'स्स्स' करत निघत होती. बाकी त्या दरीत कुठलाच आवाज नव्हता. उकिडवे बसलेल्या दोन माणसांना एकमेकांची तोंडे दिसत नव्हती. मध्ये गाडीचे दार होते. त्या आवाजात तो म्हणाला, 'दादा, त्या दिवशी मी विमानतळापर्यंत गेलो होतो.'

मी काडी तशीच धरून ठेवली.

'तिकीट काढलं होतं. विमानात बसायला करोनाचा रिपोर्ट लागायचा. तो मोबाइलवर तिथेच आला. पॉझिटिव्ह होता. मग काय, परत फिरलो. हिला आणि पोराला वरच्या मजल्यावर ठेवलं आणि खाली एकटा राहिलो. तिथूनच सगळं पाहिलं.'

'मला का नाही सांगितलंस?'

'तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावरून आईने ओळखलं असतं. अण्णा त्याच रोगाने गेले होते ना. तिला एकाच दिवशी दोन कशाला? आणि पुढे मग... राहूनच गेलं.'

तीन वर्षे मी एक वाक्य बोलून मोकळा झालो होतो. आणि तो त्याचे उत्तर जवळ असून गप्प होता. मराठी शिकवणाऱ्या माणसाला त्या वेळी एक धड वाक्य सुचले नाही. 'चुकलं माझं,' एवढेच मी म्हणालो. ते हवेच्या आवाजात त्याला ऐकू गेले की नाही, कोण जाणे. थोड्या वेळाने पलीकडून आवाज आला, 'किती झाली तुझी?'

'बावीस.'

'अजून काढ.'

तेवढ्यात गाडीतून पुतण्या ओरडला, 'काका, दिवा लागला! गाडी म्हणते, हवा कमी आहे!'

'बरोबर म्हणते,' आम्ही दोघांनीही सांगितले.

दुसऱ्या बाजूची चाके झाली. फावड्याने पुढची वाळू ओढली, पायांखालच्या रबरी चटया चाकांपुढे अंथरल्या. बाळने सगळ्यात खालच्या गिअरमध्ये, पाय न दाबता गाडी सोडली. पसरट झालेली चाके त्या वाळूवर म्हशीसारखी संथ पावले टाकत पलीकडे गेली. एवढे पैसे खर्चून घेतलेली उंची तिथे कामाला आली नव्हती. फुकट सोडून दिलेली हवा आली होती.

पलीकडच्या उंचवट्यावरून पोटॅशची तळी दिसली. तांबड्या माळावर निळीभोर चौकोनी तळी, जणू कुणी पैठण्या वाळत घातल्या आहेत. पाण्याची वाफ लवकर व्हावी म्हणून त्यात मुद्दाम निळा रंग मिसळतात. तिथे डबे उघडून आम्ही भावजयीने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. डांबरी रस्ता लागण्याआधी एका छोट्या पंपाने हवा परत भरावी लागली. चार चाकांना चांगला अर्धा तास गेला. हवा काढायला अवघड, भरायला वेळखाऊ. पण या खेपेला आम्हाला कसलीच घाई नव्हती.

त्याच वर्षी डिसेंबरात बाळ महिनाभर साताऱ्याला आला. आल्या आल्या त्याने माळ्यावरून अण्णांची जुनी टॉमी शोधून काढली आणि मला दम दिला, की ही भंगारवाल्याला गेली तर याद राख. एका सकाळी आम्ही दोघे कराडला जायला स्टँडवर उभे होतो. गाडी लागली होती, ड्रायव्हर चहा पीत होता. बाळ सहज मागच्या चाकापाशी गेला आणि हातातल्या छत्रीच्या दांड्याने त्याने टायरवर ठोका घातला. कान पुढे केला. मग पुढच्या चाकावर.

'ओ साहेब,' ड्रायव्हरने हाक मारली, 'काय करताय तिथे?'

'हवा बघतोय.'

ड्रायव्हर कप ठेवून जवळ आला. त्याने बाळकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. ते परदेशी जाकीट, ते पांढरे बूट. मग म्हणाला, 'घरात कोण होतं एस. टी.त?'

'वडील,' आम्ही दोघे एकदमच म्हणालो.